दुसऱ्या खुर्चीवरचा आलोच

त्याला सगळे 'आलोच' म्हणायचे. वडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव शाळेच्या हजेरीपटावरच राहिलं. हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलं, आणि त्याला कारणही तसंच होतं. खुर्चीत बसलेल्या माणसाचा एक गाल वस्तऱ्याखालून निघालेला, दुसऱ्या गालावर फेस तसाच, आणि याचा हात मध्येच थांबायचा. चेहरा उतरायचा. वस्तरा मिटून तो फळीवर ठेवायचा, "आलोच हं" म्हणायचा आणि मागच्या दाराने दिसेनासा व्हायचा. कधी पाच मिनिटं, कधी वीस. गिऱ्हाईक बिचारं आरशात आपला अर्धा चेहरा न्याहाळत बसायचं.

दुकान दोघा भावांचं, दोन खुर्च्यांचं. रस्त्याकडची पहिली खुर्ची दादाची, म्हणजे थोरल्या भावाची. दुसरी, मागच्या दाराला लागून असलेली, आलोचची. मागचं दार उघडलं की फरशीचा छोटा चौक आणि चौकाच्या पलीकडे संडास. तो चार दुकानांत मिळून एक होता: यांचं, शेजारचा छापखाना, चपलांचं दुकान आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लटकलेली असायची. आलोच उठला आणि किल्ली जागेवर नसली, तर त्याच्या कपाळाला घाम फुटायचा. छापखानेवाल्याला वर्तमानपत्र घेऊन आत बसायची सवय होती, आणि आलोचने आयुष्यात कोणाचा द्वेष केला असेल तर तो त्या वर्तमानपत्राचा.

मागे राहिलेलं गिऱ्हाईक दादा सांभाळून घ्यायचा. आपल्या खुर्चीतल्या माणसाला जरा थांबायला सांगून तो अर्धी राहिलेली दाढी पुरी करायचा, वर उलटा हात फिरवायचा, तुरटी लावायचा. हे सगळं करताना तोंडाची टकळी चालूच. आमच्या धाकट्याची गाडी दर स्टेशनला थांबते, तो म्हणायचा. आमच्याकडे दाढी दोन हप्त्यांत होते. लोक हसायचे. आलोच परत येऊन बेसिनशी हात धूत असायचा तेव्हाही हसत असायचे, आणि तोही हसल्यासारखं करायचा. दादाने एवढ्या वर्षांत त्याच्यामागे राहिलेलं काम केलं नाही असा एक दिवस नव्हता, आणि त्याच्यावर विनोद केला नाही असाही नव्हता.

दुखणं चोविसाव्या वर्षी सुरू झालं. बेंबीच्या खाली कोणी ओला टॉवेल पिळतंय अशी कळ यायची, आणि मग एकच घाई. पोट मोकळं झालं की कळ ओसरायची, जीव शांत व्हायचा. तासाभराने पुन्हा तेच. चार दिवस असे पळापळीत जायचे, मग तीन दिवस काहीच नाही. पोट ढोलासारखं फुगायचं, पट्टा एक भोक सैल करावा लागायचा. कधीकधी शेंबडासारखं चिकट काहीतरी पडायचं. ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. कोणाशी भांडण झालं, दुकानात गर्दी झाली, कुठे लांब जायचं ठरलं की दुखणं ठरल्यासारखं हजर.

अशा माणसाचं जग लहान होत जातं. लग्नकार्याला गेला तर दाराजवळची खुर्ची पकडायचा. बसने जायचं म्हटलं की आदल्या दुपारपासून जेवण बंद. शहरात कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर, कुठल्या कोपऱ्यात सोय आहे आणि तिथल्या दाराची कडी लागते की नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. लेकीच्या शाळेत कार्यक्रम होता, तिची दोन मिनिटांची भूमिका होती. ती रंगमंचावर आली तेव्हा हा शाळेच्या मागच्या बाजूला रखवालदाराला किल्ली मागत होता. लेकीने घरी येऊन विचारलं, बाबा, मी कशी झाले? छान झालीस, तो म्हणाला. तिला कळलं असावं, कारण तिने पुढे काही विचारलं नाही.

उपाय करायचे बाकी ठेवले नव्हते. एकाने सांगितलं दूध सोड, त्याने दूध सोडलं. दुसऱ्याने सांगितलं नुसत्या दुधावर राहा, तो आठवडाभर दुधावर राहिला आणि त्या आठवड्यात दादाला दोन्ही खुर्च्या एकट्याने ओढाव्या लागल्या. कडू पूड झाली, गरम पाणी झालं, पोटावर पट्टा बांधणं झालं. डॉक्टरकडे मात्र तो गेला नाही. कारण त्याने मनाशी धरलं होतं की आपल्याला तोच रोग झालाय, ज्याचं नाव लोक आवाज खाली आणून घेतात. अंथरुणावर पडून तो बोटांनी पोट चाचपायचा, गाठ लागते का पाहायचा. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. एके दिवशी तिने त्याचा चाचपणारा हात धरला आणि म्हणाली, अकरा वर्षं झाली, आता उद्या तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यात चला, नाहीतर मी जाते लेकीला घेऊन. कुठे जाते ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही.

दवाखाना साधाच होता. भिंतीला टेकवलेली बाकं, वजनाचा काटा, हिरवा पडदा. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस अगदी आखूड कापलेले. आलोचची नजर आधी तिकडेच गेली, काम नीट झालेलं होतं. त्यांनी त्याला बोलू दिलं. तो पहिल्यांदाच सगळं बोलला, चिकट पडतं तेही, शाळेतलंही. मग त्यांनी एकेक प्रश्न विचारायला घेतला.

"शौचातून रक्त जातं कधी? किंवा डांबरासारखं काळं होतं?"

नाही, तो म्हणाला.

"काही न करता वजन उतरलंय?"

त्यांनी काट्यावर उभं केलं. बायकोने आणलेल्या एका जुन्या कागदावर त्याचं वजन लिहिलेलं होतं, तेवढंच भरलं.

"गाढ झोपेतून पोटामुळे जाग येते? म्हणजे सकाळी उठल्यावर नव्हे, झोपेतून."

तो थबकला. हा विचार त्याने कधी केला नव्हता. झोप लागली की पोटही झोपायचं. नाही, तो म्हणाला.

ताप येतो का, खूप थकवा येतो का, रक्त कमी असल्याचं कोणी सांगितलंय का. आणि शेवटी, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालाय का. आई, वडील, भाऊ, बहीण. नाही, नाही, नाही. प्रत्येक 'नाही'बरोबर त्याच्या खांद्यावरचं काहीतरी हलकं होत होतं. बाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्ताची आणि शौचाची तपासणी सांगितली. आठवड्याने निकाल चांगले आले तेव्हा त्यांनी त्याला दुखण्याचं नाव सांगितलं. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतडी चिडकी असतात, जराशा कारणाने आवळतात, दुखतात, कधी घाई करतात, कधी अडून बसतात. मोकळं झाल्यावर कळ कमी होते हीच त्याची एक खूण. कापून पाहिलं तरी आत जखम दिसायची नाही, पण म्हणून दुखणं खोटं नाही.

"सगळे म्हणतात मनाचे खेळ आहेत," आलोच म्हणाला.

"त्यांना म्हणावं एक दिवस हे पोट घेऊन फिरा." बाई हसल्या नाहीत. "याने जीव जात नाही. पुरतं बरंही होत नाही. पण ताब्यात ठेवता येतं. आणि एक लक्षात ठेवा. मी आत्ता विचारलेल्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर कधी 'हो' झालं, तर हे माझं जुनंच दुखणं आहे असं म्हणून घरी बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी इथे यायचं."

त्याने लेकीची एक अर्धी भरलेली वही घेतली आणि दोन महिने काय खाल्लं, कधी खाल्लं, पोटाने काय केलं, ते लिहून काढलं. उपाशीपोटी तीन कप चहा, दुपारचं जेवण चार वाजता, कच्चा कांदा. वही घेऊन गेला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्या तीन ओळींखाली रेघ मारली. चहा कमी झाला, जेवण वेळेवर आलं. पाण्यात घालून घ्यायचा इसबगोलाचा भुसा दिला, आणि कळ आली तर घ्यायच्या पांढऱ्या गोळ्या. त्या गोळ्यांची पट्टी तो दुकानाच्या खणात, कात्र्यांशेजारी ठेवायचा. दिवसाच्या सहा फेऱ्यांवरून गाडी दोनावर आली. काही दिवस एकही नाही. पुढे लेक कॉलेजात जाऊ लागली तेव्हा तो तिच्याबरोबर बसने कॉलेजपर्यंत जाऊन आला, पाऊण तासाचा रस्ता, आणि घरी येऊन बायकोला असं सांगितलं जसं काही डोंगर चढून आलाय.

दादाचे विनोद चालूच राहिले. त्यांची सवय लागून गेली होती, दोघांनाही.

असंच तेरा वर्षं गेली. आलोच अठ्ठेचाळीसचा झाला, दादा त्रेपन्नाचा. दादा म्हणजे उंच, रुंद छातीचा, दगडही पचवेल असा माणूस. त्याला कधी सर्दी झालेली कोणाला आठवत नव्हती. तो एके सकाळी आपल्या खुर्चीतलं गिऱ्हाईक सोडून मागच्या दाराने गेला. परत आला तेव्हा आलोचने भुवया उंचावल्या. दादा म्हणाला, "तुझं मला लागलं बघ."

पुढच्या आठवड्यात तो तीनदा गेला, त्याच्या पुढच्या आठवड्यात रोजच. आता खिळ्यावर किल्ली नसली तर ती छापखानेवाल्याकडे आहे की दादाकडे, हे बघावं लागायचं. दुपारी दुकान रिकामं असताना दादा जवळ आला आणि थोड्या संकोचाने म्हणाला, तुझ्या त्या गोळ्यांतली एक दे रे. आलोचने खण उघडला. एक नाही, अख्खी पट्टी दिली.

इथे जे घडलं ते आलोचने नंतर मनात इतक्यांदा उलगडून पाहिलं की त्याच्या घड्या झिजल्या. त्याला आनंद झाला होता. भाऊ आजारी पडल्याचा नव्हे, पण भावाला कळल्याचा. चोवीस वर्षं ज्या गोष्टीवर हसू व्हायचं, ती गोष्ट आता दादा स्वतः त्याला विचारत होता. कांदा सोडू का? चहा सोडू का? रिकाम्या वेळी दोघे खुर्च्या एकमेकांकडे वळवून बसायचे आणि पोटाच्या गप्पा मारायचे. दादा म्हणाला, आपल्या घराण्याचं पोटच असलं. पुढे म्हणाला, तू इतकी वर्षं हे कसं काढलंस रे? आलोचला भरून आलं होतं. आपण कोणाला काही शिकवू शकतो हे त्याला नवीन होतं. त्याने दादाला नवी वही आणून दिली, ओळी कशा आखायच्या ते दाखवलं. भुसा दिला. दर पंधरा दिवसांनी गोळ्यांची पट्टी दिली. डॉक्टरीणबाईंनी विचारलेला एकही प्रश्न मात्र विचारला नाही. जे आपल्याला आहे तेच दादाला आहे, हे त्याने धरूनच टाकलं होतं. असे पाच महिने गेले.

सोमवारी सकाळी दुकान उशिरा उघडायचं. त्याआधी दोघे भाऊ एकमेकांची दाढी करायचे, वडिलांच्या वेळेपासूनची रीत. त्या सोमवारी आलोचने दादाच्या गालावर फेस लावला, वस्तरा टेकवला आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणली. कातडी हातात आली. आजवर दादाच्या भरलेल्या गालावरून वस्तरा सरळ खाली जायचा, ताणायची गरज पडायची नाही. आता गालाच्या हाडाखाली खळगा होता आणि वस्तरा त्यात अडकत होता. मानेवरची कॉलर सैल पडली होती. दिवा चेहऱ्यावर होता, आणि दादाने डोळा चोळला तेव्हा पापणीच्या आतली बाजू दिसली. तिथे लाली नव्हतीच, कागदासारखी फिकी होती.

आलोचने वस्तरा मिटला.

"दादा, वजन किती उतरलंय?"

"तूच म्हणालास ना, कांदा सोड, चहा सोड. उतरणारच."

"झोपेतून उठावं लागतं?"

"लागतं की. दोनदा, तीनदा. तुला नाही लागत?"

आरशात दादा त्याच्याकडे पाहत होता, अर्ध्या चेहऱ्यावर फेस तसाच होता.

"रक्त जातं?"

दादाने नजर खाली घेतली. "मूळव्याध असेल. वय झालं."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष," दादा म्हणाला. मग म्हणाला, "तुलाही जात असेल असं वाटायचं मला."

आलोचने उरलेली दाढी पुरी केली, कारण तशी ठेवता येत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच दादाच्या हनुवटीवर त्याच्याकडून कापलं गेलं. त्या दिवशी दुकान उघडलं नाही. त्याच सकाळी तो दादाला घेऊन दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाई आता म्हाताऱ्या दिसत होत्या. त्यांनी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले, आणि आलोच शेजारी उभा राहून 'हो' ऐकत राहिला. पोट तपासताना डाव्या बाजूला त्यांचा हात थांबला, पुन्हा तिथेच आला. किती महिने हे चाललंय, त्यांनी विचारलं. आणि काय घेत होतात? दादाने आलोचकडे न पाहता गोळ्यांचं नाव सांगितलं. चिठ्ठी लिहून त्या म्हणाल्या, आज जा, उद्यावर टाकू नका.

मोठ्या इस्पितळात कॅमेऱ्याची तपासणी झाली, फोटो निघाले. आतड्यात गाठ होती आणि यकृतापर्यंत पोचली होती. तरुण डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा दादाने डोकं हलवलं, जसं गिऱ्हाइकाने केस किती आखूड हवेत ते सांगितल्यावर हलवायचा. लवकर आला असतात तर बरंच काही करता आलं असतं, डॉक्टर म्हणाले, पण आताही करण्यासारखं आहे, आपण करू.

वहिनी बाहेरच्या बाकावर होत्या. आलोचने त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, गोळ्याही सांगितल्या. त्या ऐकत होत्या. इतकंच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला तर ते प्रश्न पाठ होते ना?"

त्यानंतर त्या त्याच्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. डबा द्यायचा असेल तर आलोचच्या बायकोच्या हातात द्यायच्या.

ऑपरेशन झालं. नंतर औषधाच्या बाटल्या लागल्या, दर तीन आठवड्यांनी. मधल्या बऱ्या दिवसांत दादा दुकानात यायचा आणि भिंतीलगतच्या बाकावर बसायचा, जिथे गिऱ्हाइकं आपल्या पाळीची वाट बघत बसतात. त्याचे केस गळाले तेव्हा तो म्हणाला, न्हाव्याचं डोकं फुकटात झालं. लोक हसले, पण एकेक करून, जपून. पहिली खुर्ची कापड टाकून झाकलेली होती. कोणी तिच्यावर बसायला गेलं तर आलोच म्हणायचा, इकडे या. आणि याच दिवसांत त्याचं स्वतःचं पोट पुन्हा बिघडलं, पूर्वीसारखं, सहा-सहा फेऱ्या. मागे राहिलेल्या गिऱ्हाइकाजवळ आता कोणी नसायचं. दादा बाकावरून उठायला बघायचा, त्याला उठवायचं नाही. गिऱ्हाइकं गुपचूप वाट बघायची. विनोद कोणीच करत नव्हतं, आणि आलोचला त्या शांततेपेक्षा जुनं हसू बरं वाटलं असतं.

दहाव्या महिन्यात दादाने अंथरूण धरलं. आलोच रोज दुपारी दुकान बंद करून जायचा आणि त्याची दाढी करायचा. कोमट पाणी, मऊ ब्रश, अगदी हलका हात. गालांत आता काही उरलं नव्हतं. एका दुपारी वहिनी औषध आणायला बाहेर गेल्या होत्या. टॉवेलने फेस टिपताना आलोच म्हणाला, "दादा, मी त्या गोळ्या द्यायला नको होत्या."

दादाने छताकडे पाहिलं. "मी मागितल्या," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाकडे मागितल्या असत्या तर डॉक्टरकडे जा म्हणाला असता. म्हणून तर तुझ्याकडे मागितल्या."

"तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. भीती वाटत होती." त्याने जीभ ओठांवरून फिरवली. "तुझंच दुखणं आहे म्हटलं की भीती जायची. तू इतकी वर्षं जगलासच की. पाच महिने छान गेले बघ."

आलोचने ब्रश धुतला. पाणी ओतून आला. दादाने डोळे मिटले होते. या बोलण्याने आपलं ओझं कमी झालं की वाढलं हे आलोचला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. अकरा दिवसांनी, दुपारीच, दादा गेला.

महिना-दीड महिना आलोच दवाखान्याकडे फिरकला नाही. शेवटी भुसा संपला म्हणून गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि मग म्हणाल्या, तुमचं एक उत्तर बदललंय. त्याला आधी समजलं नाही. घरात कोणाला झालाय का, त्या म्हणाल्या. सख्ख्या भावाला झालाय. आता कॅमेऱ्याने बघावं लागेल.

त्याने तपासणी करून घेतली. आदल्या दिवशी इस्पितळातून दिलेलं खारट पाणी पिऊन पोट रिकामं केलं, आणि बायकोला म्हणाला, यात मला काही नवीन नाही. दोघेही हसले आणि मग तीच रडली. तपासणीत काही निघालं नाही. आतडं स्वच्छ होतं, अगदी निरोगी. तरुण डॉक्टर, तेच ते, म्हणाले, तुमचं तेच जुनं चिडकं आतडं आहे, काळजी करू नका, पाच वर्षांनी पुन्हा दाखवा. आलोच बाहेर येऊन बाकावर बसला. बायको म्हणाली, सुटलो. तो हो म्हणाला. अकरा वर्षं ज्या माणसाने आपण मरणार म्हणून पोट चाचपलं तो निरोगी निघाला होता, आणि त्याला घरी जायचंही सुचत नव्हतं.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. दादाची दोन मुलं, मुलगी सत्तावीसची, मुलगा चोवीसचा, दोघेही बाहेरगावी. त्यांना आता काही करायला नको, पण चाळिशीला तपासणी हवी, आणि त्याआधी काही खूण दिसली तर लगेच. हे कोणीतरी वहिनींना सांगायला हवं होतं. आलोचने ते सगळं कागदावर लिहून काढलं: रक्त, वजन, झोपेतून जाग, थकवा, वय. मग वाटलं बायकोच्या हाती पाठवावं. कागद दोन दिवस शर्टाच्या खिशात राहिला. तिसऱ्या दिवशी तो स्वतः गेला.

वहिनींनी दार उघडलं, बाजूला झाल्या. खोली आवरलेली होती. पलंग नव्हता, त्या जागी कपड्यांची दोरी बांधली होती आणि तिच्यावर फक्त बायकी कपडे होते. आलोचने उभ्याउभ्याच कागद पुढे केला आणि मुलांचं सांगितलं. वहिनींनी तो दोनदा वाचला. एकेका ओळीवर त्यांचं बोट थांबत होतं.

"आधी नेलं असतं तर वाचले असते?" त्यांनी विचारलं.

"कदाचित," आलोच म्हणाला. खोटं सांगावंसं वाटलं होतं, पण कुठलं खोटं सांगावं तेच कळलं नाही.

वहिनी कागदाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून होत्या. "मला दिसत होतं," त्या म्हणाल्या. "कपडे मीच धुवायची ना. ते म्हणायचे, मूळव्याध आहे, कोणाला सांगू नकोस, लाज वाटते. मी थंड पाण्यात भिजत घालायची. थंड पाण्याने डाग निघतो." त्या थांबल्या. "तुमच्यावर घातलं सगळं. कोणावर तरी घालावं लागत होतं, भाऊजी."

आलोच खाली जमिनीवर बसला. थोड्या वेळाने वहिनीही समोर बसल्या. शेजारच्या घरात कोणीतरी नळ सोडला, बादली भरल्याचा आवाज आला, मग बंद झाला. वहिनींनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली आणि विचारलं, झोपेतून जाग म्हणजे नेमकं कसं ते मुलांना कसं समजावायचं. आलोचने सांगायला सुरुवात केली.